ओल्ड स्कूल रुनस्केप : नव्याने आलेल्यांनी पहिला महिना कसा खेळावा?

धुऱ्यावरून (दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. मी शेती करतो आणि २०१९ पासून मोबाइलवर ओल्ड स्कूल रुनस्केप हा अनेक खेळाडूंनी एका काल्पनिक जगात मिळून खेळायचा ऑनलाइन खेळ खेळत आहे. यंदा दिवाळीनंतर आमच्या गावातली आणि शेजारच्या दोन गावांतली सात-आठ मुले-मुली या खेळात आली आणि त्यांतली निम्मी पंधरा दिवसांतच सोडून गेली. सोडणाऱ्या प्रत्येकाचे गाऱ्हाणे जवळपास एकच होते : काय करायचे ते कळत नाही, कुठेही गेले की मरण येते आणि हाती नाणी टिकत नाहीत. या मुलांनी जुन्या खेळाडूंचे राक्षस मारण्याचे व्हिडिओ पाहिले होते आणि पहिल्याच आठवड्यात तसे खेळायला ती निघाली होती. माझे सांगणे असे आहे की पहिला महिना लंब्रिज (नवा खेळाडू जेथे उतरतो ते खेळातले गाव) आणि त्याच्या आसपासच्या शिवारातच काढावा, एक रुपयाही खर्च करू नये आणि त्या काळात वस्तूंची किंमत व माणसांची पारख शिकून घ्यावी. हे कसे करावे ते जमेल तितके सविस्तर लिहितो.

मूळ रुनस्केप केंब्रिजमधल्या जॅजेक्सने जानेवारी २००१ मध्ये आणला. पुढे तो खेळ इतका बदलला की जुन्या खेळाडूंना त्यात करमेना, तेव्हा ऑगस्ट २००७ मधली जपून ठेवलेली प्रत काढून २२ फेब्रुवारी २०१३ रोजी ओल्ड स्कूल या नावाने वेगळा खेळ सुरू करण्यात आला. चित्रे जुनाट दिसतात ती त्यामुळे. पण नेमका त्याचाच आपल्याला लाभ होतो, कारण साध्या फोनवर आणि आमच्या वावरात येते तेवढ्या रेंजवरही तो चालतो. ३० ऑक्टोबर २०१८ पासून तो मोबाइलवर आहे आणि तेच खाते संगणकावरही उघडते. खेळाचे घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालते. तुम्ही दिलेला हुकूम पुढच्या ठोक्याला अमलात येतो आणि म्हणूनच नेट थोडे मागे पडले तरी बंदुकीच्या खेळांत होते तसे नुकसान येथे होत नाही. वर्ल्ड, म्हणजे खेळाचा सर्व्हर, निवडताना मात्र अमेरिकेऐवजी जर्मनी किंवा ब्रिटनचे घ्यावे. आपल्याला ते जवळचे पडते आणि फरक लगेच जाणवतो.

शिकवणीचे बेट संपले की तुम्ही लंब्रिजच्या किल्ल्यापाशी उतरता. तेथून इकडेतिकडे न भटकता किल्ल्याच्या स्वयंपाकघरात जावे. आचाऱ्याला मेजवानीच्या केकसाठी एक अंडे, बादलीभर दूध आणि भांडेभर पीठ हवे असते. अंडे कोंबड्यांच्या वाड्यात मिळते आणि दूध दुभत्या गायीपाशी बादली घेऊन गेल्यावर मिळते, पण पिठात नवखे अडकतात. गावाच्या उत्तरेला गव्हाचे शेत आहे. तेथे गहू खुडायचा, शेजारच्या पवनचक्कीत शिडीने अगदी वरच्या मजल्यावर जायचे, गहू चाडीत टाकायचा आणि मग त्याच मजल्यावरची कळ ओढायची. पीठ वर मिळत नाही. ते खाली तळमजल्यावरच्या पेटीत पडते आणि रिकामे भांडे जवळ असेल तरच भरून घेता येते. आमच्या पुतण्याने गहू चाडीत टाकला, कळ ओढली नाही आणि अर्धा तास खालची रिकामी पेटी दाबत बसला. गावच्या चक्कीत वरून दाणे टाकले आणि पट्टा चालू केला नाही तर खाली पीठ येईल का, एवढे मी विचारले आणि तो लगेच शिडी चढला. अशा नेमून दिलेल्या कामगिरीला क्वेस्ट म्हणतात. या क्वेस्टमधून मिळणारा ३०० एक्सपी (अनुभवाचे गुण; ते साठले की त्या कामातली लेव्हल वाढते) पाकक्रियेचा असतो आणि तो फार नाही. पण वस्तू उचलणे, एक वस्तू दुसरीवर वापरणे, मजले चढणे-उतरणे आणि माणसांशी बोलणे या चारही गोष्टी तेवढ्यात हाताला बसतात.

त्याच शिवारात कोंबड्यांवर तलवार चालवायला शिकावे. मेलेल्या कोंबडीची हाडे पुरली की प्रार्थनेचा एक्सपी मिळतो, आणि पिसे तर एकही सोडू नयेत. मासेमारीची लेव्हल २० झाली की गळाला पीस लावूनच ट्राउट पकडावा लागतो, आणि एक ट्राउट शिजवून खाल्ला की ७ प्राण परत येतात, तर सुरुवातीच्या कोळंबीने फक्त ३. पिशवीत जागा मोजून २८ असतात. लढाईला निघताना त्यातल्या निम्म्या तरी खाण्याने भराव्यात. लूट ठेवायला जागा हवी म्हणून नवखे खेळाडू अन्न कमी घेतात आणि मग लूट व अंगावरचे दोन्ही घालवतात.

लेव्हलबद्दल एक हिशेब डोक्यात असू द्यावा. कोणत्याही कामात सर्वांत वरच्या ९९ व्या लेव्हलला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतो आणि त्याचा अर्धा पल्ला ५० व्या लेव्हलला नव्हे तर ९२ व्या लेव्हलला पूर्ण होतो. म्हणून पहिल्याच दिवशी ९९ चे गणित मांडून बसलेला मुलगा आठवड्यात कंटाळतो. पहिल्या वीस-तीस लेव्हल भराभर येतात, त्या निरनिराळ्या कामांत वाटून घ्याव्यात.

आता विक्रीविषयी. आपल्याकडे खेडा खरेदीला आलेला व्यापारी दारात काटा लावून कमी भावात कापूस उचलतो आणि रोखीची नड असलेला माणूस देऊन मोकळा होतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. खेळातले किराणा दुकान तसेच आहे. तुम्ही जितका माल द्याल तितका त्याचा भाव खाली जातो. व्हॅरॉक शहराच्या वायव्येला ग्रँड एक्स्चेंज आहे, तेथे देशोदेशीच्या खेळाडूंच्या मागण्या आणि विक्री एकमेकांशी जुळवल्या जातात, आणि भाव तुम्ही स्वतः लिहिता. मोफत खेळणाऱ्याला तेथे एका वेळी तीन सौदे लावता येतात. नव्या मोफत खात्याला मात्र २० तासांचा खेळ, एकूण १०० लेव्हल आणि १० क्वेस्ट पॉइंट पूर्ण होईपर्यंत काही वस्तू विकता येत नाहीत. खाते बिघडले असे समजून घाबरू नये. तोवर माल बँकेत साठवावा.

मी रात्रीच्या ओलितात खेळतो. आमच्या फीडरला आठवड्याचे काही दिवस रात्रीचीच वीज असते, हरभऱ्याला पाणी सोडले की पुढचा वाफा भरेपर्यंत वेळ मिळतो आणि तेवढ्यात खेळातल्या ड्रेनॉर गावच्या बँकेशेजारची विलोची झाडे तोडून होतात. प्रश्न असतील ते येथेच विचारावेत.


संत्राबाग (वरूड)

दादा, आपण इतके समजावून लिहिले त्याबद्दल आभार. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे आणि मला खेळात येऊन नऊ दिवस झाले. लंब्रिजहून व्हॅरॉकला ग्रँड एक्स्चेंज पाहायला निघाले असता शहराच्या दक्षिणेला दगडांचे एक रिंगण दिसले आणि मी जवळ जाताच काळ्या झग्यातल्या दोघांनी मला काही सुचायच्या आत मारून टाकले. परत तेथेच गेले, परत मेले. माझ्याजवळ लोखंडी चिलखत आणि कोंबड्यांची साडेतीनशे पिसे होती. ती कायमची गेली का? आणि मी त्यांना काहीच केले नव्हते, मग त्यांनी मला का मारले?


धुऱ्यावरून

ताई, ते डार्क विझर्ड आहेत आणि त्यांनी प्रत्येक नव्या खेळाडूला एकदा तरी मारलेले आहे, मलाही. काही शत्रू आपण छेडल्याशिवाय अंगावर येत नाहीत आणि काही आपली लढाईची पातळी त्यांच्या मानाने कमी दिसली की आपणहून येतात. हे दुसऱ्या जातीचे आहेत. शिवाय ते जादू करतात. या खेळात जादू चिलखतवाल्याला भारी पडते, बाण जादूगाराला भारी पडतो आणि तलवार बाणवाल्याला. त्यामुळे तुमच्या लोखंडी चिलखताचा तेथे उपयोग नव्हता.

मरण आल्यावर सर्वांत किमती तीन वस्तू तुमच्याजवळ राहतात आणि उरलेल्या जागीच उभ्या राहिलेल्या थडग्यात पंधरा मिनिटे असतात. तेवढ्यात पोहोचता आले नाही तर त्या मृत्यूच्या कार्यालयात जमा होतात. त्याचा दरवाजा लंब्रिजच्या स्मशानात आहे, तेथे जाऊन चौकशी करा आणि शुल्क भरून काय सोडवता येते ते पाहा. पण मेल्यावर तेथे पुन्हा जायचे झाल्यास पाठीवर काही न घेता, फक्त खाणे घेऊन जावे. आणि व्हॅरॉकला जाताना दक्षिणेचा दरवाजा टाळून नदीच्या पलीकडच्या बाजूने वर जावे व पूर्वेच्या दरवाजाने शहरात शिरावे. वाट लांबची आहे. ओझे कमी असेल तर धावण्याचा दमही जास्त टिकतो. परतताना घरी पोहोचवणारा मंत्र मोफत असतो, मात्र तो अर्ध्या तासातून एकदाच चालतो.


गोंदिया गुरुजी

धाग्यातल्या बहुतेक म्हणण्याशी सहमत आहे, पण एका मुद्द्यावर माझे मत वेगळे आहे. महिनाभर लंब्रिजच्या शिवारात कोंबड्या मारत राहावे हे मला पटत नाही. सुरुवातीच्या लेव्हल मारामारीपेक्षा क्वेस्टमधून कितीतरी लवकर येतात आणि त्यासाठी पैसेही लागत नाहीत. उदाहरण देतो. डोरिक नावाच्या बुटक्याला ६ माती, ४ तांब्याचे आणि २ लोखंडाचे खनिज दिले की खाणकामाचा १,३०० एक्सपी मिळतो, म्हणजे पहिल्या लेव्हलवरचा खेळाडू एकदम दहाव्यावर जातो. लोखंडाचे खनिज खणायला १५ वी लेव्हल लागते, पण ते एक्स्चेंजवर विकत घेता येते. खाणकाम १० झाले की सरदाराच्या तलवारीची क्वेस्ट उघडते, तिच्यातून लोहारकामाचा १२,७२५ एक्सपी मिळतो आणि खेळाडू पहिल्या लेव्हलवरून थेट २९ व्या लेव्हलला पोहोचतो. तेवढा एक्सपी भट्टीपुढे बसून मिळवायला किती दिवस जातील याचा विचार करावा. व्हँपायरच्या क्वेस्टमधून हल्ल्याचा ४,८२५ एक्सपी मिळतो, तोही नवख्याला विसाव्या लेव्हलपर्यंत नेतो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. माझे दोन माजी विद्यार्थी हा खेळ खेळतात आणि क्वेस्टमधले संवाद सगळे इंग्रजीत असल्यामुळे त्यांचे वाचन माझ्या डोळ्यांदेखत सुधारले आहे. संवाद न वाचता पुढे पुढे दाबत जाणाऱ्याला कोणाकडे काय न्यायचे ते कळतच नाही, म्हणून मुलांना वाचावे लागते आणि वहीत टिपूनही ठेवावे लागते.


धुऱ्यावरून

गुरुजी, आपले आकडे बरोबर आहेत आणि डोरिकची क्वेस्ट पहिल्या आठवड्यातच करावी हे मला मान्य आहे. मेंढ्यांची क्वेस्टही तशीच सोपी आहे. माझा आक्षेप फक्त सरदाराच्या तलवारीला आहे. तिच्यासाठी बर्फाच्या गुहेत उतरावे लागते, आणि ज्या खनिजासाठी जायचे ते बर्फाच्या राक्षसांच्या व योद्ध्यांच्या पलीकडे आहे. त्यांच्या पातळ्या पन्नासच्या वर आहेत. ज्याचे नेट स्थिर आहे तो धावत जाऊन खणून परत येईल, पण आमच्याकडे वीज गेली की थोड्या वेळाने टॉवरही जातो. नेट तुटल्यावर लढाईतला आपला माणूस लगेच खेळातून नाहीसा होत नाही, तो तेथेच उभा राहून मार खात राहतो. गेल्या वर्षी मला असेच त्या गुहेत सोडून टॉवर गेला आणि परत आलो तेव्हा मी लंब्रिजला उभा होतो. म्हणून माझे म्हणणे असे की खेड्यातल्या खेळाडूने ही क्वेस्ट करावी जरूर, पण लढाईत थोडी वाढ झाल्यावर, पिशवी खाण्याने भरून आणि वीज असलेल्या वेळी करावी.


गोंदिया गुरुजी

हे मान्य. शाळा जिल्ह्याच्या गावाला लागून असल्यामुळे नेटची ही अडचण माझ्या लक्षात आली नव्हती. बर्फाच्या गुहेपूर्वी व्हँपायरची क्वेस्ट ठेवावी, असा क्रम मी माझ्या मुलांना सांगेन.


वाशीमचा पालक

मी स्वतः खेळत नाही. माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, तो हा खेळ खेळतो आणि रोज मला त्यातले "सोने" किती झाले ते सांगतो. आमच्या गावात एका तरुणाने मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात सोयाबीनचे आलेले सगळे पैसे घालवले, त्यामुळे सोने, नाणी, व्यापार हे शब्द ऐकले की धडकी भरते. हा त्याच प्रकारातला खेळ आहे का, हे कोणी जबाबदारीने सांगेल काय?


गोंदिया गुरुजी

भाऊ, आपली काळजी अगदी योग्य आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला त्यात पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, मग तो नशिबाचा खेळ असो की कौशल्याचा. रुनस्केपमध्ये खेळ सुरू करताना पैसे लावावे लागत नाहीत आणि जिंकलेले सोने रुपयांत परत मिळत नाही. ते सोने खऱ्या पैशांना विकणे किंवा विकत घेणे खेळाच्या नियमांविरुद्ध आहे आणि त्यासाठी खाते कायमचे बंद होऊ शकते. म्हणून "सोने देतो, इतके रुपये पाठव" असा निरोप मुलाला आला तर त्याने आपल्याला दाखवावा, एवढे त्याला बजावून ठेवा. पूर्वी खेळाडू आपसांत सोन्याची पैज लावून झुंजत असत, ती सोयही २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली.

खर्चाची एक जागा आहे ती मात्र सांगायला हवी. मोफत जगाखेरीज सदस्यांचे मोठे जग आहे आणि त्याची वर्गणी खऱ्या पैशांत भरावी लागते. बाँड नावाची एक वस्तू आहे, ती खेळातल्या सोन्याने विकत घेऊन १४ दिवसांचे सदस्यत्व मिळवता येते, पण नवख्याला तेवढे सोने जमवायला फार वेळ लागतो. फोनमध्ये आपले पेमेंटचे ॲप उघडे असेल तर खरेदीला पासवर्ड लावून ठेवावा. आणि मुलाच्या खेळाची वेळ आपण ठरवून द्यावी. हा खेळ आपणहून कधी संपत नाही.


वाशीमचा पालक

आपण वेळ काढून सांगितले, बरे वाटले. आज संध्याकाळी मुलाच्या शेजारी बसून तो काय करतो ते पाहणार आहे.


पऱ्हाटी (हिंगणघाट)

फसवणुकीविषयी मी लिहितो, कारण मी फसलेलो आहे. मला खेळात येऊन दोन महिने झाले होते, अंगावर ॲडमंटचे (लोखंडापेक्षा भारी धातूचे) चिलखत होते आणि पिशवीत ऐंशी हजार नाणी होती. एक अनोळखी खेळाडू चार दिवस रोज भेटत राहिला, मासे दिले, दोन क्वेस्टांत वाट दाखवली. पाचव्या दिवशी तो म्हणाला की माझे जुने, ॲडमंटहूनही भारी रून चिलखत तुला देतो, पण ते मी एका ठिकाणी टाकून ठेवले आहे, मागे ये. एजव्हिल गावाच्या उत्तरेला एक चर आहे, तो ओलांडताना पडद्यावर इशारा आला होता. मी तो न वाचता पुढे गेलो. चराच्या पलीकडे वाइल्डरनेस आहे आणि तेथे एक खेळाडू दुसऱ्याला मारू शकतो. जितके उत्तरेला जाल तितका कोण कोणावर हल्ला करू शकतो याचा पल्ला वाढतो : पाचव्या पातळीच्या रानात तुमच्यापेक्षा पाच लेव्हल वरचा किंवा खालचा खेळाडू हल्ला करू शकतो, विसाव्यात वीस. तेथे दोघे दबा धरून होते. मला नाण्यांपेक्षा त्या चार दिवसांच्या ओळखीचे जास्त वाईट वाटले आणि नंतर आठवडाभर मी खेळ उघडला नाही.

नव्या मित्रांनो, एवढे पाळा. नाणी दुप्पट करून देतो म्हणणारा पहिल्यांदा लहान रक्कम खरेच दुप्पट करून देतो आणि मोठी घेऊन जातो. चिलखताला सोनेरी काठ लावून देतो म्हणणाऱ्याला चिलखत देऊ नका, तसे कोणालाही करता येत नाही. देवाणघेवाणीच्या दुसऱ्या पडद्यावर वस्तू पुन्हा एकदा वाचा. खात्याला दुहेरी पडताळणी लावा, बँकेला चार आकड्यांचा पिन लावा आणि तो जन्मसाल ठेवू नका. खेळाच्या कंपनीचा कर्मचारी म्हणवून पासवर्ड मागणारा कोणीही खरा नसतो.


धुऱ्यावरून

पऱ्हाटी भाऊ, हे लिहिलेत ते फार बरे केले. मी पहिल्या पोस्टमध्ये माणसांची पारख म्हटले ते यासाठीच. आमच्या गावातल्या मुलांना मी आता असे सांगतो की वाइल्डरनेस पाहायचेच असेल तर सगळे बँकेत ठेवून, अंगावरच्या कपड्यांनिशी जा, मरून पाहा आणि परत या.


संत्राबाग

दादा, मृत्यूच्या कार्यालयात चिलखत मिळाले, शुल्क देऊन सोडवले. पूर्वेच्या दरवाजाने व्हॅरॉकला पोहोचले आणि एक्स्चेंजवर डोरिकसाठी खनिजे घेतली. माती मी तीन वेळा भाव वाढवून लिहिली तेव्हा कुठे सौदा लागला. गुरुजींनी सांगितल्याप्रमाणे खाणकाम एकदम १० झाले. आचाऱ्याचा केकही झाला. चक्कीची कळ मी विसरले नाही. आता मेंढ्यांची क्वेस्ट घेतली आहे, पण शेतकऱ्याला लोकरीचे वीस गुंडे हवे आहेत आणि कातरलेली लोकर तो घेत नाही. काय चुकते आहे?


धुऱ्यावरून

ताई, तो कच्ची लोकर घेत नाही, कातलेले गुंडेच घेतो. वीस मेंढ्या कातरून झाल्या की लंब्रिजच्या किल्ल्यात मधल्या मजल्यावर चरखा आहे, तेथे सगळी लोकर एकदम कातता येते. कातरी शेतकऱ्याच्या घरात टेबलावरच मिळेल. कळपात एखादी मेंढी कातरायला गेले की पळून जाते, तिच्यामागे वेळ घालवू नका, दुसरी धरा.

उद्या आमची रात्रपाळीची वीज दहाला येते. सव्वादहाच्या सुमारास मी मेंढ्यांच्या वाड्यापाशी असेन, वर्ल्डचा क्रमांक संध्याकाळी येथेच टाकतो. पुतण्याही येणार आहे; त्याचे अजून सात गुंडे बाकी आहेत.